चाल आणि वेग : अंतराळ-खेळांतील अवतरणदर्शकांची चिकित्सा

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास जाणारा रस्ता सुमारे 40 किलोमीटरांत जवळजवळ 1,300 मीटर चढतो. तोच घाट ताशी 30 किलोमीटर या चालीने उतरणारे वाहन दर सेकंदास सुमारे 8.3 मीटर अंतर कापते. खाली मात्र ते सरासरीने पाव मीटरच्या आसपासच येत असते. वाहनाच्या तबकडीवर यांपैकी पहिलाच आकडा उमटतो. दुसऱ्यावाचून चालकाचे अडत नाही. कारण किती खाली यावयाचे हे रस्त्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. पायाखालचा रस्ता काढून घेतला, म्हणजे तोच एकटा आकडा अपुरा ठरतो. अंतराळयान उतरविण्याच्या संगणकीय खेळांतील वेगदर्शकांचा विचार येथून आरंभिणे सोयीचे आहे.

मराठी पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांनी ‘चाल’ आणि ‘वेग’ असा भेद केला आहे : चालीस केवळ परिमाण असते, वेगास दिशाही असते. अवतरणाच्या प्रसंगी हा भेद निर्णायक होतो. चांद्रयान-3 च्या अवतरकासाठी इस्रोने भूस्पर्शाच्या वेळी उभा वेग सेकंदास 2 मीटर व आडवा वेग सेकंदास 0.5 मीटर यांहून अधिक नसावा, अशी मर्यादा नमूद केली होती. सेकंदास 2 मीटर ही चाल सर्वस्वी उभी असेल, तर ती मर्यादेत बसते. सर्वस्वी आडवी असेल, तर मर्यादेच्या चौपट होते आणि यान कलंडण्याचा धोका उद्भवतो. आकडा एकच, परिणाम मात्र परस्परविरुद्ध.

या खेळांच्या परंपरेत ही जाणीव प्रारंभापासून दिसते. जिम स्टोरर या अमेरिकन शालेय विद्यार्थ्याने 1969 मध्ये रचलेल्या चांद्रावतरणाच्या खेळात यान सरळ खाली येत असल्यामुळे एका आकड्याने काम भागत होते. अटारीच्या 1979 मधील ‘लूनर लँडर’मध्ये यान बाजूसही सरकू लागले, तेव्हा आडवा व उभा वेग पडद्यावर वेगळे दाखवावे लागले. त्यापूर्वी अपोलोच्या चांद्रयानातही उंची व तिच्या बदलाचा दर यांसाठी सरकत्या पट्ट्या आणि पुढचा व बाजूचा वेग दाखविण्यासाठी परस्परांना छेदणारे दोन काटे, अशी विभागणी होती. मार्टिन श्वाइगर यांच्या ‘ऑर्बिटर’ या 2000 सालच्या अनुकारप्रणालीत आडव्या वेगाची दिशा बाणाने व उभा वेग स्तंभाने एकाच चौकटीत दाखविण्याची सोय आहे.

या तुलनेत 2011 मध्ये प्रथम प्रकट झालेला लोकप्रिय ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ मागे पडतो. त्यात यानाची एकूण चाल पडद्याच्या तळाशी, दिशादर्शक गोलावर आकड्याने दिसते. उभ्या वेगाची तबकडी मात्र पडद्याच्या माथ्याशी आहे. आडवा वेग स्वतंत्रपणे दिलेलाच नाही. गोलावरील चिन्हांवरून गतीची दिशा कळते, हे मान्य केले पाहिजे. तथापि भूस्पर्शापूर्वीच्या मोजक्या सेकंदांत दोन ठिकाणी दृष्टी फिरवून तिसरी राशी मनाशी काढणे खेळणाऱ्यास भाग पडते. अडचण हीच खेळाची गोडी होय, असा आक्षेप यावर संभवतो. परंतु गोडी यान सावरण्याच्या अडचणीत असते. उपकरण वाचण्याच्या अडचणीत नव्हे.

दुसरा दोष अधिक खोल आहे. वेगाचे विभाजन केले तरी उंचीशी त्याचा संबंध दाखविल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. गुरुत्वाकर्षण वजा जाता यानास सेकंदागणिक वेग सेकंदास 2 मीटरने घटविता येत असेल, तर 400 मीटर उंचीवर सेकंदास 40 मीटर, 100 मीटरवर 20 आणि 25 मीटरवर 10 मीटर हीच उभ्या वेगाची कमाल मर्यादा राहते. उंची चतुर्थांश झाली, की अनुज्ञेय वेग निम्मा होतो. हा वर्गमुळाचा नियम अंदाजाने पाळणे कठीण. सवयीने मन सरळ प्रमाणच धरून चालते आणि 400 मीटरवर 40 पाहून 800 मीटरवर 80 चालतील असे समजते, वास्तविक तेथे मर्यादा 57 च्या आतच असते.

केवळ वेग घटला म्हणजे यान सुरक्षित झाले, असेही नाही. 7 सप्टेंबर 2019 रोजी विक्रम अवतरकाचा वेग पहिल्या टप्प्यात सेकंदास 1,683 मीटरवरून 146 मीटरवर नियोजनानुसार आला; दुसऱ्या टप्प्यात तो योजल्यापेक्षा अधिक घटला, त्यामुळे पुढील टप्प्याची आरंभस्थिती मर्यादेबाहेर गेली व अवतरण कठोर झाले, असा खुलासा शासनाने पुढे संसदेत केला. विक्रम स्वयंचलित होता, त्यात चालक नव्हता. परंतु त्या घटनेतील बोध दर्शकांसही लागू पडतो. वेग कमी की जास्त, हे त्या उंचीवर तो किती असावयास हवा होता यावरच ठरते.

म्हणून सुधारणा दोन असाव्यात. आडवा वेग बाणाने व उभा वेग स्तंभाने, दृष्टी न हलविता दिसावा. आणि उभ्या वेगाच्या स्तंभावर त्या क्षणीच्या उंचीस अनुज्ञेय असलेल्या वेगाची एक सरकती खूण असावी. यान खुणेच्या आत ठेवण्याचे कौशल्य खेळणाऱ्याकडेच राहील. अनेक तरुणांची अवतरणाच्या गतिशास्त्राशी पहिली ओळख आज अशा खेळांतून होते. चाल दाखवून वेगाची परीक्षा घेणारे उपकरण त्यांच्या अपयशाचे कारण त्यांच्यापासूनच लपविते, आणि कारण न कळलेले अपयश काही शिकवीत नाही.