किशोरीचे पत्र : नलिनी जयवंत यांच्या काही भूमिका

राज खोसला यांचा 'काला पानी' (१९५८) हा चित्रपट बहुतेकांना आठवतो तो देव आनंद, मधुबाला आणि सचिन देव बर्मन यांच्या संगीतासाठी. परंतु ज्या एका कागदावर त्याची सारी कथा उभी आहे तो कागद नायकाजवळ नाही आणि नायिकेजवळही नाही. तो किशोरी नावाच्या गणिकेने आपल्या कोठ्यावर दडवून ठेवला आहे. खुनाच्या खोट्या आरोपाखाली तुरुंगात खितपत पडलेल्या बापाला सोडवू पाहणारा मुलगा त्या पत्रासाठी तिच्या दारी येतो आणि प्रेमाचे नाटक करतो. बाप सुटतो, मुलगा सुखी होतो. या न्यायाची किंमत कोणी मोजली, हे विचारायला पटकथेला सवड नाही. किशोरीची भूमिका करणाऱ्या नलिनी जयवंत यांनी मात्र तो प्रश्न प्रेक्षकाच्या मनात असा रुजवला आहे की, चित्रपट संपल्यावरही तो पाठ सोडत नाही.

चित्रपट पाहावा की पाहू नये, याची चर्चा आपल्या धर्मग्रामांतील घरांना नवी नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली 'विजिलान्ति कुरा' हे परिपत्रक खास चित्रपटांविषयी काढले. अमेरिकेतील कॅथलिकांची 'लीजन ऑफ डीसेन्सी' त्याआधीपासूनच चित्रपटांची वर्गवारी करीत होती. पडद्यावर पाप आकर्षक दिसते काय, गुन्हेगाराला शासन होते काय, ही तिची मुख्य कसोटी. 'काला पानी' या कसोटीला सहज उतरेल, कारण त्यात निरपराध मुक्त होतो आणि अपराधी उघडा पडतो. तरीही चित्रपटाचा नैतिक हिशेब एवढ्यावर पुरा होतो, असे मला वाटत नाही. नायकाच्या पुण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर मांडला आहे, हेही पाहिले पाहिजे.

ज्या जातीच्या चित्रपटांत हा खर्च नेहमी एकाच प्रकारच्या स्त्रीवर पडतो, त्यांना नाव दिले फ्रेंच समीक्षकांनी. महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, अमेरिकेतून आलेल्या काही गुन्हेपटांना त्यांनी 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, म्हटले. रात्रीची शहरे, तिरप्या सावल्या, जुगाराचे अड्डे आणि कोणावर विश्वास ठेवावा हे न कळणारा नायक असा त्यांचा साज. यांतले पुष्कळसे अल्प खर्चाचे, मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवायचे, म्हणजे ज्यांना 'बी' चित्रपट म्हणत तसे. फ्रिट्झ लांग यांचा 'द बिग हीट' (१९५३) या परंपरेतला नमुनेदार चित्रपट. त्यातही एक दडवलेले पत्र आहे आणि त्यातही गुंडाची मैत्रीण असलेली डेबी हीच ते पत्र उजेडात येण्याला कारण होते. उकळत्या कॉफीने भाजलेला चेहरा घेऊन ती शेवटी प्राण सोडते. डेबीचे काम करणाऱ्या ग्लोरिया ग्रॅहम यांच्याशेजारी आपल्याकडची कोणी अभिनेत्री बसवायची झाली तर मी नलिनी जयवंत यांचे नाव घेईन.

मुंबईत १८ फेब्रुवारी १९२६ रोजी जन्मलेल्या नलिनी जयवंत या शोभना समर्थ यांच्या जवळच्या नात्यातील बहीण. वयाच्या पंधराव्या वर्षी, १९४१ साली, वीरेंद्र देसाई यांच्या 'राधिका'मधून त्या पडद्यावर आल्या. त्याच वर्षी मेहबूब यांच्या 'बहन'मध्ये त्या शेख मुख्तार यांच्या धाकट्या बहिणीच्या भूमिकेत होत्या. बहिणीवर इतकी माया की तिचे लग्नही सहन होऊ नये, अशा भावाची ती कथा. पुढची सहा-सात वर्षे फारशी नोंदण्याजोगी नाहीत. १९४८ च्या 'अनोखा प्यार'मध्ये दिलीपकुमार आणि नर्गिस यांच्याबरोबर त्या पुन्हा लोकांसमोर आल्या. खरे यश आले ते १९५० साली, अशोककुमार यांच्याबरोबरच्या दोन चित्रपटांत.

त्यांपैकी 'समाधी'कडे आपल्या वाचकांनी जरा थांबून पाहावे. रमेश सैगल दिग्दर्शित हा चित्रपट आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरचा, आणि त्यात नलिनी जयवंत यांच्या पात्राचे नाव आहे लिली डिसोझा. कुलदीप कौर यांनी केलेली तिची जोडीदारीण डॉली डिसोझा. दोघी नर्तकी आणि दोघी ब्रिटिशांच्या हेर. सी. रामचंद्र यांच्या चालीवर, लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या आवाजांत, या दोघी जे द्वंद्वगीत नाचतात ते अजून लग्नाच्या वरातींत वाजते. त्या काळी सी. रामचंद्र यांच्या वाद्यमेळात गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे साथीदार होते, हेही लक्षात घ्यावे. म्हणजे वाद्ये वाजवायला आमची माणसे आणि देशद्रोह करायला आमची आडनावे, असा तो व्यवहार.

हेराला डिसोझा हे आडनाव का द्यावे? पटकथेत याचे कारण सापडत नाही. कारण पडद्याच्या सवयीत आहे. झगा घालणारी, क्लबात नाचणारी, परपुरुषाशी मोकळेपणाने बोलणारी स्त्री दाखवायची म्हणजे तिला लिली, रोझी किंवा किटी म्हणायचे, ही सोय पुढे कित्येक वर्षे चालली. प्रत्यक्ष इतिहास काय सांगतो? सिंगापूरच्या समुद्रकिनारी आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांचे स्मारक १९४५ साली ज्यांच्या देखरेखीखाली उभे राहिले ते सेनाधिकारी सिरिल जॉन स्ट्रेसी हे अँग्लो-इंडियन ख्रिस्ती होते. ब्रिटिशांनी परत येताच ते पाडून टाकले. 'समाधी' नावाच्या चित्रपटात स्ट्रेसींना जागा मिळाली नाही, डिसोझा भगिनींना मिळाली.

गंमत अशी की, हा अन्याय काहीसा सौम्य केला तो नलिनी जयवंत यांनीच. लिली हेरगिरीला निघते आणि ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याच्याच प्रेमात पडते. हा सांधा लेखकाने ढोबळपणे जोडला आहे. पण त्या चेहऱ्यावर खोडकरपणा आणि भीती एकाच वेळी वावरतात. कर्तव्य म्हणून केलेले हसू कोठे संपले आणि खरे हसू कोठे सुरू झाले, हे सांगणे कठीण व्हावे, अशा रीतीने त्या हसतात. ही त्यांची खरी पुंजी. आठ वर्षांनी 'काला पानी'त हीच पुंजी पुरती कामी आली.

त्याच वर्षीचा ग्यान मुखर्जी यांचा 'संग्राम' हा अधिक काळोखा चित्रपट. पोलीस अधिकाऱ्याचा लाडावलेला मुलगा जुगारातून गुन्ह्याकडे जातो आणि शेवटी बापाच्याच हातून मरतो. तेथे नायिकेला वाट पाहण्यापलीकडे फारसे काम नाही. 'शिकस्त' (१९५३) मधील करारी विधवा त्यांच्या ताकदीची साक्ष देते, तर 'मुनीमजी' (१९५५) मध्ये त्यांचा विनोदाचा हात दिसतो. सुनील दत्त यांचा पहिला चित्रपट 'रेल्वे प्लॅटफॉर्म' (१९५५) हाही त्यांच्याबरोबरचाच.

'काला पानी'ची कथा हैदराबादेत घडते. जालन्याच्या जुन्या प्रेक्षकाला हे शहर परके नव्हते. सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १९५६ च्या नोव्हेंबरात, म्हणजे चित्रपटाच्या दोनच वर्षे आधी. मनमाडहून निघणारी मीटरगेज गाडी जालन्यावरून सिकंदराबादेला जाई. कचेरीतली उर्दू कानांवर पडलेली होती. त्यामुळे कोठ्यावरची अदब आणि वकिली मखलाशी यांची भाषा एकच कशी असते, हे त्या प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागले नसेल.

मूळ कथा मात्र फार दुरून आली आहे. ए. जे. क्रोनिन यांच्या 'बियाँड धिस प्लेस' या कादंबरीवरून बंगालीत 'सबार उपरे' (१९५५) निघाला आणि त्यावरून 'काला पानी'. क्रोनिन आपल्यापैकी अनेकांना परिचित आहेत ते 'द कीज ऑफ द किंगडम'मधील चीनमध्ये गेलेल्या फादर चिझम यांच्यामुळे. प्रतिष्ठित माणसांची सचोटी तपासून पाहण्याची आणि ज्यांना समाजाने टाकले त्यांच्याजवळ सत्य शोधण्याची त्यांची ओढ या हैदराबादी रूपांतरातही शिल्लक राहिली आहे. सरकारी वकील, नगरातील थोर मंडळी, साक्षीपुरावे हे सारे कागदोपत्री निर्दोष आहे. सत्य आहे ते अशा बाईजवळ, जिच्या शब्दाला कोर्टात किंमत नाही. पुनरुत्थानाची पहिली वार्ता आणणाऱ्या स्त्रियांचे बोलणे प्रेषितांनाही बाष्कळ वाटले होते, असे लूक लिहितो. त्यांच्यातली मरिया माग्दालिया पुढे शतकानुशतके, शुभवर्तमानात काही आधार नसताना, वेश्या म्हणून ओळखली गेली. २०१६ साली तिच्या स्मरणदिनाला पोप फ्रान्सिस यांनी सणाचा दर्जा दिला.

करण आपल्याला फसवतो आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, किशोरीला नाही. अशा प्रसंगी सामान्य अभिनेत्री भोळी होते. नलिनी जयवंत होत नाहीत. आशा भोसले यांच्या आवाजातील मुजऱ्यात भुवई, मान, बोटे सारे सराईत आहे. ही बाई पुरुषांना पुरती ओळखते, हे तेथेच पक्के होते. म्हणून पुढे तिचे सराईतपण हळूहळू गळू लागते तेव्हा आपल्याला नायकाची लाज वाटू लागते. देव आनंद यांच्या चित्रपटात नायकाची लाज वाटणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. फसवणूक उमगल्यावरही पत्र शेवटी मिळते ते तिच्याच हातून. मग कथा बापलेकांकडे आणि आशाच्या सुखाकडे वळते.

'सोन्याच्या काळजाची गणिका' हा जुना साचा आहे, त्यात नवे काय, असा आक्षेप येईल. साचा जुना आहे हे मान्य. शरदबाबूंपासून तो चालत आला आहे आणि पुष्कळदा त्याने लेखकांना आळशी केले आहे. पण या साच्यातली स्त्री त्याग करते तेव्हा बहुधा ती कृतार्थ दिसते. किशोरी कृतार्थ दिसत नाही, लुबाडली गेलेली दिसते. हा फरक मला संवादांत आढळत नाही, अभिनयात आढळतो.

या भूमिकेसाठी नलिनी जयवंत यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी ते पारितोषिक येवल्याच्या ललिता पवार यांच्याकडे गेले, 'अनाडी' (१९५९) मधील मिसेस डीसा या भूमिकेसाठी. भाडेकऱ्याला ओरडणारी आणि पोटच्या पोरासारखी माया करणारी ही ख्रिस्ती घरमालकीण आपल्या घरांत अजून आवडती आहे. लिली डिसोझाची भरपाई झाली, असे तिच्याकडे पाहून कोणी म्हणेल. परंतु विषारी औषधाने मरते तीच, आणि तिच्या मरणातूनच नायकाची परीक्षा होते.

पारितोषिकाने नलिनी जयवंत यांचे दिवस पालटले नाहीत. नानाभाई भट्ट यांचा 'मिस्टर एक्स' (१९५७) आधीच येऊन गेला होता. १९६५ चा 'बॉम्बे रेस कोर्स' हा अजित यांच्याबरोबरचा दुय्यम वळणाचा गुन्हेपट, आणि त्यानंतर त्या पडद्यावरून जवळजवळ नाहीशा झाल्या. वय चाळिशीच्या आत होते. याच अजित यांच्याबरोबर त्यांनी १९५४ साली 'नास्तिक' केला होता. फाळणीच्या होरपळीत श्रद्धा गमावलेल्या तरुणाची ती कथा. १९८३ साली त्याच नावाचा दुसरा 'नास्तिक' निघाला, त्यात त्या अमिताभ बच्चन यांच्या आई होत्या. मधल्या एकोणतीस वर्षांत नायिकेची आई झाली, एवढेच चित्रसृष्टीने त्यांच्यासाठी केले.

डिसेंबर २०१० मध्ये चेंबूरच्या घरी त्यांचे निधन झाले. त्या एकट्याच राहत असत. मृत्यूची नेमकी तारीख कोणती, याविषयी वृत्तपत्रांचेही एकमत झाले नाही. काहींनी २० छापली, काहींनी २२.