द्रवस्फटिकी गाळणी आणि महाड-पोलादपूरचे डोंगरउतार

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही त्याच अतिवृष्टीत जीवहानी झाली. अशा उतारांवरील ओल व झाडोरा द्रवस्फटिकी गाळणीच्या बहुवर्णपटीय कॅमेऱ्याने पारखावा, ही कल्पना आकर्षक खरी. परंतु तिची छाननी व्हावयास हवी.

बर्नार ल्यो यांच्या द्विप्रणमनी गाळणीचाच हा विद्युत्-अवतार. विद्युत्दाब बदलला की रेणूंची दिशा फिरते व निवडलेली तरंगलांबी तेवढी पार होते. हलणारा भाग एकही नाही. फिलिपिन्सच्या दिवाता-१ उपग्रहातून ती २०१६ साली अवकाशातही गेली.

तथापि वर्णपट्टे एकामागून एक टिपले जातात, ही तिची मूळ गोम. पट्टा बदलण्यास दशांश सेकंद धरला, तरी सेकंदाला ५ मीटर जाणाऱ्या ड्रोनखालची भूमी तेवढ्यात अर्धा मीटर सरकते. दहाव्या पट्ट्यापर्यंत साडेचार मीटर. वीतभर भेग मग शोधावी कोठे? चित्रे मागाहून जुळविता येतात. वाऱ्याने हलणारे रान जुळत नाही.

शिवाय पहिल्या ध्रुवकापाशीच निम्मा प्रकाश जातो, आणि आषाढात पोलादपूरच्या खोऱ्यात प्रकाश तो किती! ओल्या पानांची चकाकी अंशतः ध्रुवित असल्याने कॅमेऱ्याचा कोन बदलताच मोजमापही बदलते. वनस्पती-निर्देशांकांवर विसंबणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. ढग तर कोणतीच प्रकाशीय गाळणी भेदीत नाही. तेथे रडारच हवे.

आमच्या मते या साधनाची जागा तिपाईवर आहे: आश्विनात, आभाळ निवळल्यावर, समोरच्या उतारावरील उघडी तांबडी माती व तीवर पुन्हा धरू लागलेले गवत यांचे वर्णपट सावकाश घेण्यासाठी.