मूल्यमापनाचे पाठांतर : इंग्लंडमधील ए-लेव्हल मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमाची चिकित्सा

इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा वर्षे वयोगटातील विद्यार्थी विद्यापीठ-प्रवेशापूर्वी साधारणतः तीन विषय घेऊन ए-लेव्हल परीक्षेस बसतात. या विषयांमध्ये मानसशास्त्रास अलीकडच्या वर्षांत गणिताच्या खालोखाल पसंती मिळत आली आहे. यांतील बहुसंख्य विद्यार्थी पुढे मानसशास्त्रज्ञ होत नाहीत. साहजिकच मानवी वर्तनाविषयीचा पुरावा कसा जमविला जातो व तो कितपत ग्राह्य मानावा, याची त्यांना होणारी पहिली आणि बहुधा अखेरची शास्त्रीय ओळख हीच असते. ती कशी घडते, याचा विचार एक्यूए या परीक्षा मंडळाने २०१५ मध्ये लागू केलेल्या आराखड्याच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या आराखड्यात प्रत्येकी दोन तासांच्या व ९६ गुणांच्या तीन लेखी प्रश्नपत्रिका योजिल्या आहेत. सोळा गुणांच्या दीर्घोत्तरी प्रश्नात उपयोजनाचा भाग नसेल, तर माहितीस ६ आणि चर्चा-मूल्यमापनास १० गुण दिले जातात. माहितीपेक्षा चिकित्सेला अधिक मोल देणारी ही योजना वरकरणी स्पृहणीय आहे. आपल्याकडील परीक्षांना सरावलेल्या वाचकास तिचा हेवाही वाटेल. परंतु प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. दहा गुण चिकित्सेचे आहेत असे ठरताच चिकित्साही पाठ होऊ लागते. मार्गदर्शक पुस्तकांत प्रत्येक संशोधनाखाली बलस्थाने व उणिवा तयार स्वरूपात मांडलेल्या असतात. ‘नमुना केवळ पुरुषांचा होता’, ‘प्रयोगशाळेतील परिस्थिती कृत्रिम होती’ ही वाक्ये ॲश, मिलग्रॅम, झिंबार्डो यांपैकी कोणालाही चिकटविता येतात. मूळ संशोधन न वाचता करता येणाऱ्या टीकेस टीका म्हणावे काय, हा खरा प्रश्न आहे. मंडळाची गुणदान-पद्धती मुद्दे मोजणारी नसून उत्तराची पातळी ठरविणारी आहे, हे येथे नोंदविले पाहिजे. दोष सर्वस्वी तिचा नाही. तथापि हजारो उत्तरपत्रिका सारख्या मापाने तपासावयाच्या म्हटल्या की ओळखीच्या मुद्द्यांकडे कल झुकतोच.

सॉलोमन ॲश यांच्या १९५१ व त्यानंतरच्या प्रयोगांचे उदाहरण घेऊ. रेषांची लांबी ओळखण्याच्या साध्या कामात इतर सारे जण ठरवून चुकीचे उत्तर देत असता एकटा सहभागी काय करतो, हे त्यांत पाहिले गेले. निर्णायक फेऱ्यांतील सुमारे ३७ टक्के उत्तरे बहुमताच्या बाजूने गेली. सुमारे तीन चतुर्थांश सहभागी निदान एकदा तरी बहुमतापुढे नमले. अभ्यासक्रमात हा प्रयोग ‘समूहानुसरण’ या शीर्षकाखाली येतो आणि विद्यार्थी ३७ हा आकडा ध्यानात ठेवतो. उरलेल्या ६३ टक्के उत्तरांत माणसे सर्वांच्या विरोधात एकटी उभी राहिली, हे मात्र त्याच्या नजरेतून निसटते. स्वतः ॲश यांना स्वातंत्र्याचे कुतूहल अनुसरणाइतकेच होते. त्याच आकड्यांवरून उलट बाजूचा निष्कर्षही मांडता येतो, हे ध्यानी येणे ही खरी चिकित्सा होय. ‘नमुना पुरुषांचा होता’ या वाक्यात ती नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील १९७१ च्या कृत्रिम तुरुंगाच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. दोन आठवड्यांसाठी आखलेला हा प्रयोग सहा दिवसांत थांबविला गेला. भूमिका मिळाली की सामान्य माणूस आपोआप क्रूर होतो, असा त्याचा बोध दीर्घकाळ सांगितला गेला. फ्रेंच संशोधक तिबो ल तेक्सिए यांनी मूळ दप्तर तपासून २०१८ मध्ये पुस्तक व २०१९ मध्ये ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. पहारेकऱ्यांना कसे वागावे याच्या सूचना दिल्या गेल्या होत्या, हे त्यांनी दाखवून दिले. तसे असेल तर ‘आपोआप’ हा शब्दच गळून पडतो आणि त्याबरोबर निष्कर्षाचा पायाही. उत्तरपत्रिकेत मात्र हा आक्षेप ‘नमुना लहान होता’ याच्या शेजारी, त्याच आकाराच्या परिच्छेदात येऊन बसतो. एक आक्षेप भिंतीवरील पोपडा दाखवितो, दुसरा पाया खचल्याचे सांगतो. विद्यार्थ्याच्या लेखी दोन्ही ‘मर्यादा’च. वजनाचा हा विवेक न शिकविता शिकविलेली चिकित्सा निरुपद्रवी राहते.

याचे एक कारण विद्यार्थ्याच्या हातून आकडे जातच नाहीत, हे असावे. पूर्वी स्वतः केलेल्या प्रयोगाचा अहवाल परीक्षेचा भाग असे. २००८ च्या फेररचनेत तो वगळण्यात आला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांना प्रात्यक्षिकांचे स्वतंत्र प्रमाणपत्र जोडलेले आहे. मानसशास्त्रास तेही नाही. विद्यार्थ्यांनी लहान प्रयोग करावेत, अशी अपेक्षा आराखड्यात आहे, पण त्यांची परीक्षा होते ती कागदावरच. संख्याशास्त्रीय कसोट्यांचेही तेच. आठ कसोट्यांपैकी कोणती केव्हा वापरावी याचा तक्ता मुले युक्त्या-क्लृप्त्यांनी पाठ करतात. स्वतः वीस जणांची स्मरणचाचणी घेऊन, दोघांनी सूचनाच ऐकल्या नव्हत्या हे मागाहून कळल्यावर त्यांचे आकडे ठेवावेत की गाळावेत, या पेचात सापडलेला विद्यार्थी सप्रमाणतेविषयी जे शिकेल, ते तक्त्यातून येणारे नव्हे.

अहवाल परत आणणे खर्चिक व नक्कल होण्याचा धोका असलेले आहे, ही अडचण मान्य. निदान प्रश्न तरी बदलता येईल. ॲश यांच्या प्रयोगाची केवळ कृती व फेरीनिहाय आकडे द्यावेत; संशोधकाचे नाव, शीर्षक व निष्कर्ष झाकून ठेवावेत आणि या आकड्यांवरून कोणती दोन विधाने करता येतात व त्यांपैकी कोणते अधिक टिकाऊ आहे, असे सोळा गुणांसाठी विचारावे.