रानफुलाचं नाव आणि त्याचं लक्षण

रानफुलांची पुस्तकं मी आवडीनं चाळतो. तक्रार आहे ती त्यांच्या मांडणीबद्दल. यातल्या बऱ्याच पुस्तकांत फुलं रंगांप्रमाणे लावलेली असतात. एक देखणा फोटो, खाली नाव. नवख्याला हे सोपं जातं, मान्य. पण याला ओळख म्हणायचं का?

कळलावीचंच बघा. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारावर, कुंपणावर चढलेली ही वेल. तिचं फूल उमलतं तेव्हा हिरवट-पिवळं असतं, आणि पुढे लालभडक होत जातं. आता ती कुठल्या रंगात घालायची? आपल्या नैयायिकांनी लक्षणाचे दोष सांगून ठेवलेत. 'लाल फुलाची वेल' म्हटलं की आज उमललेलं फूल बाहेर राहतं. ही झाली अव्याप्ती. उलट, तिच्या पानाचं टोक दोरीसारखं लांबून वळतं आणि शेजारच्या फांदीला धरतं. ही खूण फूल नसतानाही दिसते. पण फोटो फुलाचा. पान कडेला कापलेलं!

आता नावाकडे येऊ. कळ लावणारी ती कळलावी. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून पूर्वी तिचा वापर होई, तो या नावात राहिला आहे. काही ठिकाणी मात्र तिलाच बचनाग म्हणतात. आणि आयुर्वेदातला बचनाग, म्हणजे वत्सनाभ, ही हिमालयातली अगदी वेगळी वनस्पती. एका नावात दोन झाडं, ही अतिव्याप्ती. दोन्ही विषारी, पण विषं निराळी. कळलावीत कोल्चिसिन असतं. आधी उलट्या-जुलाब होतात आणि मग एकेक अवयव निकामी होऊ लागतो. वत्सनाभातलं अ‍ॅकोनिटिन थेट हृदयाची लय बिघडवतं. कळलावीचा कंद खाण्याचा समजून लोकांनी खाल्ल्याच्या नोंदी आहेत. अशा वेळी 'बचनाग खाल्ला' एवढ्यावर डॉक्टरनं काय समजायचं? इथे लिनियसनं 1753 मध्ये दिलेलं 'ग्लोरिओसा सुपर्बा' हे नावच कामी येतं.

म्हणून लोकनावं टाकून द्या, असं मी म्हणत नाही. कळलावी हे नाव जे सांगतं, ते लॅटिन नाव सांगत नाही. ते नुसतं फुलाच्या वैभवाचं कौतुक करतं. माझं मागणं एवढंच: पुस्तकात शास्त्रीय नाव हवं, लोकनाव कुठल्या भागातलं ते हवं, आणि फुलाशेजारी पान, फळ, कंदही हवेत. कंद खणणाऱ्यासमोर बहुतेक वेळा फूल नसतंच.