गोष्ट विसरली, हुरहूर राहिली

थिएटरात सिनेमा बघताना शेजारी कोण बसलंय याची आपल्याला पर्वा नसते. घरी तसं चालत नाही. घरी सिनेमा सुरू असताना कुणीतरी भाजी निवडत असतं, कुणीतरी फोनवर बोलत असतं, आणि कुणीतरी अर्ध्यात येऊन बसतं. आमच्याकडे अर्ध्यात येऊन बसणारी म्हणजे आजी. वय 82. अल्झायमरचं निदान होऊन तीन वर्षं झाली. ती माझ्या शेजारी बसते, पडद्याकडे बोट करून 'हा कोण गं?' विचारते. मी सांगते. दोन मिनिटांनी ती पुन्हा विचारते. मी पुन्हा सांगते.

माझ्या पीएचडीचा विषय स्मृती आणि भावना यांचं नातं हा आहे. त्यामुळे विस्मृतीवरचा नवा सिनेमा ओटीटीवर आला की ओळखीचे लोक हटकून विचारतात, 'बघू का? खरं दाखवलंय का त्यात?' बहुतेकांना हवं असतं ते वैद्यकीय प्रमाणपत्र. निदान बरोबर आहे का, गोळ्यांची नावं बरोबर आहेत का, वगैरे. मला त्यात फारसा रस नाही. माझी पट्टी दुसरी आहे, आणि ती मला अभ्यासातून सुचली त्याआधी एका शनिवारी घरातच मिळाली होती.

त्या दुपारी मी 'द फादर' बघत होते. शेवटची वीसेक मिनिटं आजी येऊन बसली. तिला इंग्रजी कळत नाही. पण शेवटी तो म्हातारा माणूस आईसाठी रडायला लागतो, तेव्हा ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत एकटक बघत होती. सिनेमा संपला, मी टीव्ही बंद केला, चहा टाकला. चहा होईस्तोवर सिनेमा बघितल्याचं ती साफ विसरली होती. 'कुठला सिनेमा?' म्हणाली. पण रात्री जेवायला बसेपर्यंत ती घरभर फिरत राहिली. दाराची कडी बघ, गॅलरीत जाऊन ये, पुन्हा कडी बघ. शेवटी माझ्या आईला म्हणाली, 'कुणाचं काही झालंय का? तुम्ही मला सांगत नाही आहात.'

एका आजीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला माझ्या गाईडने सांगायची गरज नाही. पण नेमका हाच प्रश्न प्रयोगशाळेत विचारला गेलेला आहे, आणि गंमत म्हणजे तिथेही सिनेमेच वापरले होते.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 साली हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पाच रुग्णांना सिनेमातले दुःखी आणि आनंदी तुकडे दाखवले. हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला तो भाग, जो आज काय घडलं याची नवी नोंद करतो. तो बिघडला की माणूस पाच मिनिटांपूर्वीचं विसरतो. रुग्ण तुकडे विसरले, पण वाईट वाटणं आणि बरं वाटणं मागे राहिलं. मग 2014 मध्ये त्याच विद्यापीठात हा प्रयोग अल्झायमरच्या 17 रुग्णांवर झाला, तुलनेला 17 निरोगी माणसं होती. सुमारे वीस मिनिटांचे तुकडे, त्यानंतर पाचेक मिनिटांनी प्रश्न: काय बघितलंत? रुग्णांना फारच थोडं सांगता आलं. एकाला तर काहीच नाही. भावना मात्र अर्ध्या तासापर्यंत टिकून होत्या. आणि ज्यांना सिनेमातलं कमी आठवलं, त्यांचं दुःख उलट जास्त वेळ टिकलं.

हे शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लायब्ररीतून उठून बाहेर आले होते.

बघा ना, आपल्याला वाईट वाटलं की आपण त्याचं कारण शोधतो. 'अरे हो, तो सिनेमा बघितला म्हणून.' कारण सापडलं की दुःखाला खुंटी मिळते, टांगून ठेवता येतं. आजीकडे ती खुंटीच नव्हती. मग ती कडी तपासणार नाही तर काय करणार? ही कल्पना तशी जुनीच आहे. जिनिव्हातल्या एदुआर क्लापारेद या डॉक्टरने 1911 मध्ये एका स्मृती गेलेल्या बाईबद्दल लिहिलं होतं. त्याने हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. (आज असला प्रयोग कुठलीही एथिक्स कमिटी पास करणार नाही, आणि तेच बरोबर आहे.) नंतर ती बाई टोचल्याचं विसरली, पण त्याने हात पुढे केल्यावर तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना.

तर माझी पट्टी ही. विस्मृतीवरच्या सिनेमाला हे माहीत आहे का, की गोष्ट जाते आणि तिने उठवलेला तरंग मागे राहतो? की त्याच्या मते विसरणं म्हणजे फळा पुसणं?

'द फादर' (2020, दिग्दर्शक फ्लोरियन झेलर) या पट्टीवर सगळ्यात वर. अँथनी हॉपकिन्सला यासाठी 83व्या वर्षी ऑस्कर मिळालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण सिनेमाची खरी करामत त्या लंडनच्या फ्लॅटमध्ये आहे. सामान हळूच बदलतं, भिंतींचे रंग बदलतात, मुलगी म्हणून वेगळीच बाई दारातून आत येते. आपण बाहेरून म्हाताऱ्याची कीव करत नाही, त्याच्याबरोबर आपणही हरवतो. आणि त्याचा संशय बघा. घड्याळ कुणी चोरलं, घर कोण बळकावतंय. घटना हातातून निसटलेल्या आहेत, धास्ती तेवढी शिल्लक आहे, आणि त्या धास्तीला बसेल अशी एखादी गोष्ट तो दर वेळी नव्याने रचतो. लोक याला 'संशयी स्वभाव' म्हणतात. मला ती कारणाची शोधाशोध वाटते.

घरी बघणार असाल तर एक विनंती: रिमोट लांब ठेवा. मी पहिल्यांदा बघताना तीनदा मागे गेले होते, मघाशी हीच खुर्ची होती का ते तपासायला. सिनेमा एवढ्या कष्टाने आपल्याला अँथनीच्या जागी बसवतो आणि आपण बटण दाबून तिथून उठतो. अँथनीकडे ते बटण नाही.

आता 'सैयारा'. 2025 च्या जुलैत आला, तुफान चालला, मग नेटफ्लिक्सवर आला आणि माझ्या कॉलेजातल्या धाकट्या बहिणीने दोनदा रडून बघितला. विशीतल्या वाणीला अल्झायमर होतो. तसं पाहिलं तर 65 च्या आत सुरू झालेल्या अल्झायमरलाही 'लवकर सुरू झालेला' म्हणतात. विशीतली उदाहरणं वैद्यकीय साहित्यात अगदी विरळा. पण तेवढ्यावरून मी सिनेमा नापास करणार नाही. सिनेमाने विरळाच माणूस निवडावा. शिवाय एक गोष्ट त्यांना जमली आहे: वाणीला आधीचा प्रियकर आठवतो आणि आत्ताचा निसटतो. जुन्या आठवणी उशिरा जातात, नव्या आधी, हे रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने 1881 मध्येच लिहून ठेवलंय.

माझी तक्रार वेगळी आहे. हा सिनेमा प्रेमाला हजेरीपटासारखं वागवतो. तिला क्रिशचं नाव आठवलं की प्रेम आहे, नाही आठवलं की संपलं. म्हणून मग शेवटी त्याने तिला शोधून काढायचं, जुन्या खुणा पुन्हा उभ्या करायच्या आणि तिला ओळख पटवून द्यायची. ओळख पटल्याशिवाय गोड शेवट होतच नाही. माझी आजी मला गेले आठ महिने तिच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारते. मी तिच्या केसांना तेल लावायला बसले की तिचे खांदे सैल पडतात. आई लावायला बसली तरी पडतात, कामाला येणाऱ्या मावशींकडून नाही. आमच्या नात्याचा हिशोब नावावरून करायचा तर मी कधीच बाद झालेय. बहिणीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, 'ताई, तू प्रत्येक सिनेमाची वाट लावतेस.' असेल.

'थ्री ऑफ अस' (दिग्दर्शक अविनाश अरुण, 2023 च्या नोव्हेंबरात थिएटरात, डिसेंबरअखेर नेटफ्लिक्सवर) मात्र शांतपणे या पट्टीवर उभा राहतो. शेफाली शाहची शैलजा, स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली, नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला येते. तिथे तिचं लहानपण गेलंय आणि शाळेतला प्रदीप कामत तिथेच राहिलाय. ती शाळेत जाते, जुन्या वाटांवर जाते, एका विहिरीपाशी जाते. विहिरीपाशी काय, ते सांगत नाही, बघा. पण अपराधाची एक भावना तिच्या अंगात इतकी वर्षं आहे आणि तिची गोष्ट मात्र ती कुणाजवळ बोललेली नाही, नवऱ्याजवळही नाही, एवढं सांगते. आता आठवणीच जाणार आहेत, तर ही बाई सुखाने जाऊ द्या की! ती उलट करते. गोष्ट जायच्या आधी तिला ती भावनेला नीट बांधून ठेवायची आहे, म्हणजे पुढे एकट्या भावनेशी सामना व्हायला नको. निदान मला तरी तिच्या प्रवासाचं हेच कारण पटतं. स्वानंद किरकिरेने नवऱ्याच्या कामात जो अवघडलेला चांगुलपणा आणलाय त्यासाठीही हा सिनेमा पुन्हा बघेन.

खोट एकच, पण मोठी. आजार फार सभ्य आहे. शैलजा कुणावर खेकसत नाही, तोच प्रश्न चाळीस वेळा विचारत नाही, कुणावर आळ घेत नाही. सिनेमा अवघड दिवस सुरू व्हायच्या आत संपतो आणि कोकण इतकं देखणं टिपलंय की आजारालाही त्या उन्हाचा सोनेरी रंग चढतो. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना शेवटी थोडं फसवल्यासारखं वाटेल. मला वाटलं.

पूषन कृपलानीच्या 'गोल्डफिश'बद्दल (2023) थोडक्यात: दीप्ती नवल आई, कल्की मुलगी, आणि मुलगी आईवर जुन्या गोष्टींसाठी रागावलेली. जी आता विसरत चालली आहे तिच्याकडे हिशोब कसा मागायचा? प्रश्न जबरदस्त, सिनेमा थोडा कोरडा. तरी बघाच.

आमच्या घरात एक वाक्य होतं. 'तिला कुठे लक्षात राहणार आहे.' बाबा आजीवर ओरडले की नंतर ओशाळून हेच म्हणायचे. मीही म्हटलंय. परीक्षेच्या दिवसांत तिने माझे कागद दुसऱ्यांदा पाण्याच्या बादलीत टाकले तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहिणार नाही. ती दहा मिनिटांत विसरली. मग संध्याकाळी जेवली नाही. आम्ही म्हटलं, आजारामुळे भूक कमी झालीय. तो 2014 चा पेपर मी त्यानंतर चार महिन्यांनी वाचला.

आता 'द फादर' मी खोलीत हेडफोन लावून बघते. हॉलमध्ये आजी असेल तर 'अस्तु' लावते. तो काही नवा नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 2013 च्या सुमारास केलेला. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे पंडित झालेत, सगळं विसरत चाललेले, आणि रस्त्यात दिसलेल्या एका हत्तीमागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष, या कामाला राष्ट्रीय पुरस्कार आहे) त्यांना सांभाळते आणि ते तिलाच आई म्हणू लागतात. ती खरी आई नाही हे सिनेमा दुरुस्त करायला जात नाही. माझ्या पट्टीवर 'द फादर'च्या बरोबरीने मी फक्त हाच ठेवेन. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, ते त्यांच्या रिकाम्या नजरेतही जाणवतं.

गेल्या रविवारी लावला होता. हत्ती दिसला तशी आजी सरसावून बसली. 'दाराशी आला की सुपातून दाणे न्यायचे,' म्हणाली, 'रिकाम्या हाताने बाहेर नाही जायचं.' मग पेंगली. उठली तेव्हा टीव्ही बंद होता. रात्री आई तिला औषध देत होती, तर आईला विचारते, 'आज दुपारी कोण येऊन गेलं गं? चांगलं होतं माणूस.'