ज्या अभंगात वस्तरा नाही

संत सेना महाराजांचा हजामतीवरचा अभंग कीर्तनांतून इतका कानावर पडलेला असतो की त्यात काय नाही याकडे लक्षच जात नाही. कवी स्वतः न्हावी. आपण वारीक आहोत हे तो सुरुवातीलाच दोनदा सांगतो आणि आपलं काम बारीक असतं अशी ग्वाहीही देतो. (मराठवाड्यात न्हाव्याला वारीक म्हणणारी माणसं आजही भेटतात.) पुढे आरसा येतो, चिमटा येतो, पाणी येतं, शेंडी, काखा, नखं येतात. वस्तरा मात्र शेवटपर्यंत येत नाही. ज्या हत्यारावाचून हा धंदा चालायचा नाही ते धोकटीतच राहतं आणि हजामत पुरी होते.

हे सहज सुटून गेलं असेल असं मला वाटत नाही. धोकटीत काय काय असतं हे सेना महाराजांइतकं कुणाला ठाऊक? अभंगातली क्रियापदं एकेक करून पाहावीत. दाखवणं, हलवणं, घोळणं, पिळणं, झाडणं, काढणं. सगळी हाताची आणि हलकी कामं. कापणं नाही, भादरणं नाही. प्रत्येक चित्रात एक वस्तू किंवा शरीराचा एक भाग, त्याला जोडलेला मनाचा एक गुण किंवा दोष, आणि शेवटी एक क्रियापद. ही क्रियापदं एकामागून एक त्याच दीर्घ ‘ऊ’वर येऊन थांबतात, त्यामुळे म्हणताना हात फिरत असल्याचा भास होतो. रूपक कुठे समजावून सांगितलेलं नाही. माणूस समोर बसलाय आणि काम चालू आहे, एवढंच.

हा अभंग मला आज मांडावासा वाटला तो लातूर-नांदेडच्या खोल्यांमधल्या मुलांसाठी. अभ्यासाच्या लातूर पॅटर्नचं नाव ऐकून दहावीनंतर मराठवाडाभरातली मुलं लातूरला येतात, नांदेडच्या क्लासेसना जातात, होस्टेलला नाहीतर खोली करून राहतात. वय सोळा-सतरा. मिसरूड याच काळात दाट होतं आणि पहिली दाढी घरापासून लांब होते, वडील किंवा मोठा भाऊ शेजारी नसताना. किराणा दुकानातून एक यूज अँड थ्रो रेझर आणायचा, अंगाचा साबण गालाला चोळायचा आणि क्लासला उशीर होतोय म्हणून खसाखसा ओढायचं. दुसऱ्या दिवशी मानेवर लाल पुरळ, हनुवटीखाली आग, आणि ब्लेडच बेकार निघालं अशी समजूत. ब्लेडचा दोष क्वचित असतो. दोष असतो तो ब्लेडच्या आधीच्या सगळ्या गोष्टी गाळण्यात, आणि त्याच गोष्टी सेना महाराजांनी ओळीनं सांगितल्या आहेत.

पहिला आरसा, आणि तो विवेकाचा. इथे न्हावी निवाडा करत नाही, तो आरसा फक्त समोर धरतो. पाहायचं ते ज्याचं त्यानं. गुरूची आणि न्हाव्याची भूमिका सेना महाराजांनी इतक्या थोडक्यात एक करून टाकली आहे की त्या जागी थबकायला होतं. आता हेच गालावर आणून पाहा. दाढीचे केस सगळीकडे एका दिशेनं वाढत नाहीत. गालावर बहुधा खाली येतात, मानेवर कित्येकांचे वर चढतात, काहींचे कानाच्या बाजूला आडवे वळतात, गळ्याच्या घाटीपाशी भोवरा असतो. कोरड्या दाढीवरून बोटं फिरवली की जिकडे गुळगुळीत लागतं तिकडे केसांचा कल असतो आणि जिकडे खरखरतं ती उलटी दिशा. एकदा आरशासमोर शांतपणे हे पाहून ठेवलं की जन्मभराचं काम झालं. पहिले काही महिने ब्लेड फक्त कलाच्या दिशेनं न्यायचं. मानेवर ही दिशा चुकते आणि पुरळ तिथेच उठतं.

मग वैराग्याचा चिमटा. मुळापासून उपटणारं हत्यार वैराग्याला शोभतं खरं, पण सेना महाराज तो हलवतात फक्त, उपटण्याची भाषा करत नाहीत. कातडीत शिरून आत वळलेल्या केसाला हाच न्याय लावावा. त्याचं टोक स्वच्छ चिमट्यानं वर मोकळं करून द्यावं. उपटला तर पुढचा केस पुन्हा आतच वळू शकतो.

अभंगाचा गाभा मला पाण्याच्या चित्रात दिसतो. शांती हे पाणी, आणि ते डोक्यावर नुसतं शिंपडायचं नाही, घोळायचं. घोळायला वेळ लागतो. डोक्यावर पाणी घेऊन बोटांच्या पेरांनी ते केसांच्या मुळापर्यंत जिरवत बसलेला जुन्या पिढीचा कारागीर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या शब्दाचं वजन कळेल. पुढचं सगळं काम या भिजवण्यावर अवलंबून असतं. कोरडा केस ताठ आणि चिवट असतो. पाणी शोषलं की तो फुगतो, मऊ पडतो आणि कापायला खूप कमी जोर लागतो. त्याला दोन-तीन मिनिटं पुरतात, पण ती द्यावी लागतात. म्हणून दाढी अंघोळीनंतर करावी, नाहीतर कोमट पाण्यात पिळलेला पंचा चेहऱ्यावर धरून ठेवावा. २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. केस ब्लेडच्या पोलादाहून पन्नासेक पट मऊ, तरी त्याच केसानं ब्लेडच्या धारेचे कपचे कसे उडतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. धार नुसती झिजत नाही, तुटते. तुटक्या धारेनं गालावर जोर केला की काय होतं ते पुरळ आलेल्या कुणालाही विचारा.

लातूरच्या माणसाला पाणी घोळा म्हणून सांगणं सोपं नाही, याची मला जाणीव आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून या शहराला पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाण्याच्या. पण दाढीला पाणी किती लागतं? नळ सोडून ठेवला तर बादली जाते आणि वाटीत घेतलं तर तांब्याभरात सगळं उरकतं. झाडाखाली बसून एका छोट्या वाटीतल्या पाण्यावर गिऱ्हाईक करणारे कारागीर या भागानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. दुसरी अडचण क्षारांची. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. त्यातला कॅल्शियम साबणाला धरतो, फेस बसतो आणि गालावर पांढरा चिकट थर राहतो. मुलं म्हणतात, क्रीम चांगली नाही. खोलीवर प्यायच्या पाण्याचा जार असतोच. त्यातलं अर्धी वाटी पाणी कोमट करून फेसापुरतं वापरावं, चेहरा मात्र बोअरच्या पाण्यानं धुतला तरी चालेल. ब्रश ओला करून, झटकून, क्रीमवर फिरवावा आणि मग गालावर गोल गोल घासावा, केसांच्या मुळाशी फेस जाईपर्यंत. फेस फुगलेला नको. दह्यासारखा दाट आणि ओलसर हवा. डब्यातून फसकन येणारा फोम दिसतो छान, पण त्यात हे घोळणं होत नाही, म्हणून नवशिक्यानं ब्रशच घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

यानंतर अहंकाराची शेंडी. सेना महाराज ती पिळतात. न्हाव्याच्या हातात शेंडी सापडलेला माणूस, मग तो पाटील असो की पुजारी, मान हलवू शकत नाही. या धंद्याला समाजानं खालची पायरी दिली होती, पण कामाच्या त्या घटकेला प्रत्येकाचं डोकं त्याच्यापुढे वाकलेलं असे. हा अनुभव ज्याच्या गाठीशी आहे त्यालाच हे चित्र सुचू शकतं. आणि तरीही त्यात सूड नाही. पाण्याची शांती आधी आली, पीळ नंतर. क्रम उलटा असता तर अभंग कडवट झाला असता.

नवशिक्याचा अहंकार त्याच्या मनगटात असतो. एकाच फेऱ्यात गाल काचेसारखा करायचा म्हणून तो रेझर दाबतो. दाबायचं नसतं. सेफ्टी रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. पातं गालाशी साधारण ३० अंशांत धरावं, दुसऱ्या हातानं कातडी हलकी ताणावी, बोटभर अंतराचे छोटे हात मारावेत आणि दर दोन-तीन हातांनंतर पातं धुवावं. जिथे फेस उरला नाही तिथे पुन्हा पातं फिरवू नये. खुंट राहिलेच तर पुन्हा फेस लावून, पुन्हा कलाच्याच दिशेनं किंवा फार तर आडवं. उलट्या हाताचा मोह सुरुवातीला टाळावा. थोडे खुंट हाताला लागले तर लागू द्यावेत. क्लासमध्ये गालावर हात फिरवून कुणी पाहत नाही.

काखा आणि नखं. संतकाव्यात काखांचं नाव घेणारा आणि त्याला भावार्थ जोडणारा हा कवी मला फार धीट वाटतो. ज्या जागा झाकून ठेवायच्या त्याच त्यानं झाडायला घेतल्या, आणि कामक्रोधाला नखांइतकं किरकोळ ठरवलं, पुन्हा वाढणारं आणि पुन्हा काढावं लागणारं.

शेवटी तो चारही वर्णांना हात देऊन निवांत बसतो. इथे थांबून खरं बोलायला हवं. गावगाड्यात न्हावी बलुतेदार होता, सुगीला धान्य घेऊन वर्षभर सेवा करत होता, पण अस्पृश्य ठरवलेल्या माणसांची हजामत करायची नाही ही जातीची रीत महाराष्ट्रात कित्येक गावांत फार उशिरापर्यंत टिकली. चार वर्ण म्हटले तरी त्याबाहेरचे उरतातच. अभंगाची ओळ तिच्या काळापुढची आहे, तरी तिथून पुढचं अंतर समाजाला चालावं लागलं आणि अजूनही कुठे कुठे चालायचं आहे.

ती वाणी लांबवर पोचली मात्र. महिपतींच्या ‘भक्तविजया’त पांडुरंगच सेनारूप घेऊन बादशहाची हजामत करायला जातो अशी कथा आहे. परंपरा हा बादशहा बीदरचा सांगते, आणि बीदर उदगीरहून फार लांब नाही. गुरू ग्रंथसाहिबात धनासरी रागात भगत सैण यांचं एक पद आहे आणि शीख परंपरा त्यांना न्हावी मानते. मराठी सेना आणि सैण एकच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी त्याच ग्रंथाला गुरुपद दिलं ते नांदेडात, गोदाकाठी. त्यांच्या पहिल्या पाच खालसा शिष्यांतले, म्हणजे पंचप्याऱ्यांतले, भाई साहिबसिंगही बीदरच्या न्हावी घरातले, असं परंपरा सांगते. केसांना हात न लावणाऱ्यांना न्हाव्याची वाणी परकी वाटली नाही.

निवांत बसणंही कामाचाच भाग आहे. दाढी झाली की गार पाण्यानं चेहरा धुवावा, पंच्यानं टिपावा, घासू नये. तुरटीचा ओला खडा हलकेच फिरवून मिनिटभरानं धुऊन टाकावा. बारीक चिरा मिटतात. झणझणीत आफ्टरशेव्ह नको, साधं खोबरेल किंवा मॉइश्चरायझर पुरे. मान लाल असेल तर दोन दिवस ब्लेड लावायचं नाही. पातं पाच-सहा दाढ्यांनंतर बदलावं आणि मित्राचा रेझर कधीही घेऊ नये. सलूनमध्ये बसलात तर नवं ब्लेड आपल्यासमोर मोडून वस्तऱ्यात घालायला सांगा. चांगला कारागीर न सांगता तसंच करतो.

सेना महाराजांची पुण्यतिथी श्रावण वद्य द्वादशीला असते. त्या दिवशी जवळपास कुठे कीर्तन असेल तर जाऊन बसा, आणि हा अभंग आला तर त्यातल्या पाण्यापाशी कीर्तनकार किती वेळ थांबतात ते ऐका.