शत्रूला वाणी देणारें वाङ्मय

इंग्रज आणि फ्रेंच यांच्या मध्ययुगीन वैराचा इतिहास सांगावयाचा म्हटल्यास १३३७ पासून १४५३ पर्यंतच्या शतकाहून अधिक काळाचा हिशेब मांडावा लागेल. तो मांडण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. इतक्या दीर्घ वैरांतून जें वाङ्मय निपजलें त्यांत शत्रूचें चित्र कसें उतरलें, एवढाच प्रश्न येथें पाहावयाचा आहे. आणि त्याचें निमित्त घडलें तें वर्गांत.

ठाण्याच्या एका महाविद्यालयांत शेक्सपिअरचें ‘पांचवा हेन्री’ हें नाटक मी बरींच वर्षें शिकवीत आलों. १४१५ च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईपूर्वीचें राजाचें भाषण आलें कीं माझा आवाज आपोआप चढे. आणि पुढें राजा फ्रेंच कैद्यांना ठार मारण्याची आज्ञा देतो, तो प्रवेश मी वेळ नाहीं या सबबीवर ओलांडून जाई. गेल्या सालीं डोंबिवलीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, शरण आलेल्यांना मारणारा राजा आदर्श कसा?” मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. घरीं येऊन नाटक पुन्हां उघडलें.

उघडल्यावर दिसलें तें असें. राजाची आज्ञा निघते ती शत्रूची फळी पुन्हां सावरली असें वाटून. इंग्रजांच्या छावणींतील पोरांची कत्तल झाल्याची वार्ता त्यानंतरच्या प्रवेशांत येते. आणि तेथें एक सैनिक, त्या कत्तलीमुळेंच राजानें ही आज्ञा दिली, असें ठरवून मोकळा होतो. कृत्य आधीं आणि समर्थन मागाहून! शेक्सपिअरनें राजाला दोष दिला नाहीं हें खरें. परंतु क्रम असा ठेवला कीं जागरूक वाचकाला शंका यावी. १९४४ सालच्या लॉरेन्स ऑलिव्हिएच्या बोलपटांतून ही आज्ञा गाळलेली आहे. महायुद्धांत झुंजणाऱ्या राष्ट्राला निष्कलंक वीर हवा होता, हें समजण्याजोगें आहे. मला मात्र तसें कोणतेंही कारण नव्हतें.

परंतु याच कवीच्या नांवावर असलेल्या ‘सहावा हेन्री’च्या पहिल्या भागांत जोन ऑफ आर्कचें काय झालें तें पाहावें. १४३१ सालीं रूआं येथें जिला जिवंत जाळलें, ती ही मुलगी रंगभूमीवर पिशाच्चांना आळविते, जन्मदात्या बापाला नाकारते आणि प्राण वाचविण्यासाठीं गरोदर असल्याचें सांगते. हें वैराचें वाङ्मय होय. तिला न्याय देणारें प्रसिद्ध इंग्रजी नाटक रंगभूमीवर आलें तें १९२३ सालीं, आणि लिहिलें तें डब्लिनांत जन्मलेल्या शॉनें. त्याचें मोठेपण जोनला थोर ठरविण्यांत नाहीं. १९२० सालीं तिला संतपद मिळाल्यावर तें सोपेंच होतें. तिला दोषी ठरविणारे न्यायाधीशही त्यानें राक्षस म्हणून रंगविले नाहींत. त्यांचा पक्ष त्यांच्याच तोंडून, पुऱ्या ताकदीनें मांडविला. शत्रूला वाणी देणें म्हणजे हें.

आतां आपल्याकडे वळूं. कल्याणचें नांव निघतांच मराठी मनाला आठवते ती सुभेदाराच्या सुनेची कथा. १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं कल्याण घेतलें. लुटींत सांपडलेल्या त्या स्त्रीला त्यांनीं मातेसमान मानून सन्मानानें परत पाठविलें, अशी ही कथा आहे. समकालीन कागदांचा आधार तिला मिळत नाहीं, असें इतिहाससंशोधक म्हणतात. तरीहि वाङ्मयदृष्ट्या तिचें मोल कमी होत नाहीं. विजयाच्या क्षणीं आपला राजा कसा वागावा, याविषयींची लोकांची अपेक्षा तींत व्यक्त झाली आहे. शत्रूच्या स्त्रीची विटंबना नव्हे, तर तिचा गौरव स्मरणांत ठेवावा असें ज्या समाजाला वाटलें, त्याची अभिरुचि हीन म्हणतां येणार नाहीं.

मात्र एक उणीव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. या कथेंतील सून कधींच बोलत नाहीं. तिला नांव नाहीं, भाषा नाहीं, भय नाहीं. औदार्य आपलें; ती केवळ त्या औदार्याचें निमित्त. ‘पांचवा हेन्री’तील फ्रेंच राजकन्या निदान आपल्या भाषेंत हंसते, चुकते, जेत्याची भाषा शिकूं पाहते. वसईचेंही तसेंच. १७३७ सालीं ठाणें आणि १७३९ सालीं वसई घेतल्याचा अभिमान आम्ही बाळगतों, आणि तो रास्तच आहे. चिमाजीअप्पांनीं वसईच्या पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह सन्मानानें जाऊं दिलें, हेंही अभिमानानें सांगतों. परंतु किल्ला सोडून होडींत बसणाऱ्या त्या माणसांना काय वाटलें असेल, हें आपल्या किती लेखकांनीं मनाशीं विचारलें?

शत्रूची बाजू ऐकल्यानें स्वाभिमान उणावतो, ही भीति निराधार आहे. शॉच्या नाटकानें इंग्लंडचें कांहींच गेलें नाहीं. कल्याणच्या कथेंत जें औदार्य आपण राजाच्या ठायीं वंदनीय मानलें, तेंच आतां लेखकाच्या ठायीं असावें, एवढीच अपेक्षा. त्या विद्यार्थिनीला मीं दुसऱ्या दिवशीं सांगितलें, कीं तुझा प्रश्न नाटकांतलाच आहे. मी तो इतकीं वर्षें वाचला नव्हता. यंदा तो प्रवेश वर्गांत पुरा वाचला जाईल.